नागम्मानं राखलेलं कुरण

लातूरच्या स्टेशनामागचा नाला ओलांडला की बसवण्णाचं कुरण लागायचं, आणि कुरणात पाऊल टाकलं की नागम्माचा आवाज. ही बाई दिसायच्या आधी ऐकू यायची. "कुणाचं गं ते वासरू? धनी हाय का मेलाय त्याचा?" असा सवाल लांबून आला, की वासराचा धनी असेल तिथून धावत सुटायचा. कारण पुढचा सवाल त्याच्या सात पिढ्यांबद्दल असणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

निजामाच्या अमलातली, फसली सन तेराशे चाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसच्या, पुढची ही हकीकत. लातूर तेव्हा भराभर वाढत होतं. छोटी रेल्वे येऊन पुष्कळ वर्षं झाली होती. हंगामात कापसाच्या आणि भुईमुगाच्या गाड्यांची गंजाच्या बाजारात रीघ लागायची, आणि बार्शीकडचे व्यापारी इथं पेढ्या टाकून बसले होते. पण गाव कितीही फुगलं तरी घरटी एक-दोन जनावरं होतीच. वकिलाच्या दारात गाय होती, कारकुनाच्या परसात म्हैस होती. ही सगळी सकाळी नाला ओलांडून कुरणात जायची आणि दिवेलागणीला आपापल्या दारात येऊन हंबरायची. कुरण राखायचं काम पिढ्यानपिढ्या शिवमूर्तीच्या घराकडं होतं. शिवमूर्ती घोणस चावून गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्याच्या बायकोनं, नागम्मानं, त्याची काठी उचलली.

गावानं आधी तोंडं वाकडी केली. बाईमाणूस कुरण काय राखणार, असं चावडीवर बोलणं झालं. बोलणाऱ्यांत सारावसुलीचे माली पाटील हणमंतराव सगळ्यांत पुढं होते. आठ दिवसांतच त्यांचा वळू बंदी केलेल्या गवतात शिरला. नागम्मानं तो हाकत हाकत भर बाजारातून नेला आणि कोंडवाड्यात घालून वरून कडी लावली. हणमंतराव लालबुंद होऊन आले. ती म्हणाली, "पाटील, वळू तुमचा हाय, पर गवत गावाचं हाय. दंड भरा आन् घिऊन जावा." हणमंतराव मनानं सरळ माणूस. त्यांनी दंड भरला आणि त्या दिवसापासून नागम्माच्या कामाला गावात कुणी नाव ठेवलं नाही. सुगीला घराघरातून तिचा धान्याचा वाटा न मागता येऊ लागला.

आता हे बंदी केलेलं गवत म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुरणाचे तीन तुकडे होते. नाल्याकडचा, मधला आणि माळाचा. तिन्हींत एकदम जनावर कधी सोडायचं नाही, ही जुनी रीत. दोन तुकडे चरायला खुले, आणि एक तुकडा दोन पावसाळे पुरता बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील, पाच-दहा शेतकरी आणि राखणदार असे बंद तुकड्याच्या कडेनं चालत जायचे, दगडांना चुना लावायचे, आणि त्या चुन्याच्या आत मग दोन वर्षं खूर पडायचा नाही. पवन्या, मारवेल अशी गवतं कमरेला लागेपर्यंत वाढायची, बी झडायचं, मुळं धरायची. तिसऱ्या उन्हाळ्यात रान सगळीकडं करपलं की तो तुकडा उघडायचा आणि दुसरा बंद करायचा. तेराशे तिसाच्या दुष्काळात आसपासच्या गावांनी जनावरं सोडून दिली, रस्त्याच्या कडेला सांगाडे पडले. लातुरातली बहुतेक जनावरं त्या बंद तुकड्यावर तगली. नागम्मा तेव्हा नवी सून होती. शिवमूर्तीनं घराघरातल्या बायकांना रांगेत उभं करून मोजून पेंढ्या दिलेल्या तिनं पाहिल्या होत्या. त्या रांगेत तिच्याच शेजारची केवळाबाई होती, त्याच साली लग्न होऊन आलेली. तिची गाय तेव्हा वाचली आणि त्या गायीच्या पोटची पुढं तांबू. नागम्माला बंद कुरण म्हणजे ही रांग आठवायची. तो तुकडा नसेल तर वाईट साली गावाचा गोठा रिकामा होणार, हे तिला स्वच्छ कळत होतं.

माणिकप्पाला मात्र कुरणाकडं पाहिलं की रुळ दिसायचे. माणिकप्पा आडत्या होता, गावात त्याचे सरकी काढायचे दोन चरक होते. पण त्याच्या डोक्यात मोठं काही होतं. कापसातली सरकी काढायचा मोठा कारखाना, गठाणी बांधायचा प्रेस, तेलाचा घाणा इंजिनावर चालणारा, आणि माल साठवायला रुळालगत गोदामांची रांग. माणूस तोंडाचा अतिशय गोड. नागम्मा वाटेत दिसली की पागोट्याला हात लावून "शरणार्थ, नागम्माक्का" म्हणायचा. ती त्याला मनापासून आशीर्वाद द्यायची. गोड बोलणाऱ्याला ती नेहमी फसायची, कारण तिच्याशी कुणी गोड बोलतच नसे.

तेराशे सेहेचाळीस साली नाल्याकडचा तुकडा बंदीला होता. दोन पावसाळे उलटले होते, दिवाळी होऊन गेली होती, आणि गवत असं माजलं होतं की आत बसलेला माणूस दिसत नसे. नेमक्या त्याच हंगामात माणिकप्पानं तहसिलीत अर्ज दिला. दुसऱ्या कुठल्या साली दिला असता तर त्या तुकड्यात शंभर जनावरं उभी दिसली असती. माणिकप्पानं हे मोजूनमापून केलं की त्याचं नशीब जोरावर होतं, यावर गावात पुढं पुष्कळ वाद झाले. सांगणाऱ्याला विचाराल तर तो माणूस नशिबावर काही सोडणाऱ्यातला नव्हता.

एका सकाळी नागम्मा नाल्याच्या काठावर बसून भाकरी खात होती. समोरून तहसिलीचा पाहणी करणारा गिरदावर घोड्यावर येताना दिसला. मागं पटवारी माधवराव, काखेत दप्तर मारून, चिखल चुकवत. नागम्मा उठली, पदर सावरला, हात धुतले.

"काय हो माधवराव, आज साहेब हिकडं?"

"पाहणी आहे," माधवराव म्हणाले. "साहेब विचारतील तेवढ्याची उत्तरं दे."

आणि इथं नागम्मा चुकली. तिला वाटलं, पाहणी आपल्या कामाची आहे. मागं एकदा, सासऱ्याच्या वेळी, धाराशिवाहून जिल्ह्याचा तालुकदार आला होता. बंद कुरण पाहून तो खूश झाला आणि त्यानं सासऱ्याला शेला दिला होता. तो शेला घरात पेटीत होता. नागम्माला तोच दिवस परत आल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं उन्हातान्हात काढली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, शेवटी सरकारनं पाहिलं, असं तिच्या मनात आलं.

गिरदावरानं घोड्यावरूनच विचारलं, "ये जगह कित्ते दिन से ऐसीच पडी है?"

"दोन पावसाळे झाले, साहेब!" नागम्मा खणखणीत बोलली. "पुरे दोन पावसाळे."

"जानवर चरते यहाँ?"

"एक न्हाई! जनावर तर सोडाच, शेरडू घुसू दिलं न्हाई म्या. कुठंबी बघा. एक खूर दिसला तर हे डोस्कं तुमच्या पायावर ठेवते."

"और लोगाँ? लकडी, घास?"

"काडी उचलू देत न्हाई कुणाला. पाटलाचा वळू कोंडवाड्यात घातलाय म्या. इचारा ह्यांना." तिनं माधवरावांकडं हात केला.

माधवराव खाली मान घालून लिहीत होते. गिरदावर घोडा फिरवून गवताच्या कडेकडेनं जाऊन आला. गवत खरोखरच अखंड होतं, मध्ये पायवाटसुद्धा नव्हती. नागम्मा त्याच्या रिकिबीबरोबर चालत कुठं कुठल्या जातीचं गवत आहे ते सांगत होती. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. परत आल्यावर माधवरावांनी कागद पुढं केला. उर्दूतला कागद, नागम्माला मराठीही वाचता येत नव्हतं. शाईची डबी उघडली. तिनं अंगठा पदराला स्वच्छ पुसला, मग शाईत बुडवला आणि जोर देऊन उठवला.

माधवरावांनी एका शब्दानं सांगितलं असतं तर? एवढा मोठा माणूस, गावातला, त्यांच्याही घरी म्हैस होती. पण ते बोलले नाहीत. दप्तर बांधून घोड्यामागून चालते झाले.

माघात दवंडी पिटली. नाल्याकडचा तुकडा कित्येक वर्षं बिनवापर पडून आहे, गावाच्या कुठल्याही उपयोगाचा नाही, असं चौकशीत ठरल्यामुळं तो कारखान्यासाठी देण्यात येत आहे. नागम्मा दवंडीवाल्याच्या अंगावर धावून गेली. मग चावडीत गेली. हणमंतरावांनी तिच्यासाठी अर्जी लिहवून घेतली, स्वतः तहसिलीत नेऊन दिली. महिन्यानं उत्तर आलं. माधवरावांनी ते वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांचा आवाज जरा पडला होता. जागेवरच्या राखणदारणीनंच अंगठ्यानिशी जबाब दिला आहे की इथं जनावर चरत नाही आणि कोणी गवतकाडी नेत नाही. तेव्हा हरकत चालत नाही.

"माधवराव," नागम्मा म्हणाली, "तुमाला ठाव नव्हतं काय, गवत का बंद ठेवत्यात ते?"

"साहेबांनी विचारलं, तू सांगितलंस, मी लिहिलं," माधवराव म्हणाले. "माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही मी त्यात."

ते खरंच होतं. म्हणून तर नागम्माला संताप आवरेना. घरी येऊन तिनं पेटीतला सासऱ्याचा शेला काढला आणि चुलीत घातला. केवळाबाई भिंतीपलीकडून धावत आली तोवर निम्मा जळला होता.

गवत कापून झालं त्या दिवशी नागम्मा गेली नाही. पण पुढं रोज दिसायचंच. आधी हिवर आणि बाभळी पडल्या. इंजिनाच्या भट्टीला त्यांचीच लाकडं लागली. मग खोल पाया, मग भिंत, मग चिमणी. हंगाम सुरू झाला तशा कापसाच्या गाड्या यायला लागल्या. हदगाव, लोह्याकडूनसुद्धा गाडीवान यायचे. वजन होईस्तोवर दोन-दोन दिवस थांबायचे, आणि थांबायचे कुठं, तर मधल्या तुकड्यात. गाडीवानांचे बैल तिथंच चरायचे. "आम्ही काय हौसेनं थांबून राहिलो काय, बाई?" एक गाडीवान तिला म्हणाला, आणि त्याच्यावर काठी उगारलेली तिला खाली घ्यावी लागली. घाण्याचं काळं पाणी नाल्यात सुटलं. गुरं नाल्यात तोंड घालायची, फुरफुरून मागं सरायची. भट्टीची राख वाऱ्याबरोबर येऊन गवतावर बसायची आणि तिथून उठलेल्या गायींच्या अंगावर करड्या पट्ट्या दिसायच्या.

आता उरले दोन तुकडे. रीतीप्रमाणं मधला बंद करायची पाळी होती. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी हणमंतराव चुन्याचं मडकं घेऊन माणसांसह नाल्यापाशी येऊन थांबले. नागम्मा आली, पण हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"चुना लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"अगं, असं कसं?" हणमंतराव म्हणाले. "दोनच तुकडे राहिलेत. एक तरी राखायला पाहिजे का नको? उद्या पाऊस गेला तर?"

"राखलं की जातंय, पाटील. तुमी बघितलं न्हवं? माणिकप्पाला अजून गोदामं बांधायचीत. त्यो वाटच बघून राहिलाय, कवा ह्ये मोकळं दिसतंय म्हणून. आता मोकळं दिसूच द्यायचं न्हाई. सोडा, सगळी सोडा. म्हशी सोडा, शेरडं सोडा. साहेब आला की त्याला पाय ठेवायला जागा गावू नये."

हणमंतरावांनी मडकं खाली ठेवलं. त्यांना तिचं म्हणणं पटलं नव्हतं, पण खोडूनही काढता येईना. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तेवढं विचारलं, "नागम्मा, मुळं गेली मंग?" तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. चुन्याचं मडकं तसंच परत गेलं.

आणि मग जी बाई शेरडू शिरलं तर आभाळ डोक्यावर घ्यायची, तीच घरोघर जाऊन दारं वाजवू लागली. "तुमची म्हस का बांधून ठिवली? आणा कुरणात." भर पावसात, जमीन लोण्यासारखी मऊ असताना, शेकडो खूर मधल्या तुकड्यात रुतत होते. कोंब वर आला की त्यावर तोंड पडायचं. शेरडांनी मुळंही उकरली. गाडीवानांना ती आता काही बोलत नसे, उलट हातानं खुणावून आत बोलवायची. केवळाबाई एकदा म्हणाली, "नागम्मा, तुला राती झोप येती का गं?" नागम्मा म्हणाली, "एकदा पाहणी होऊन जाऊ दे. मंग झोपते." तिला खरंच वाटत होतं, की एवढी एक पाहणी निभावली की पुन्हा चुना लावू, पुन्हा दोन पावसाळे बंद ठेवू, सगळं मूळपदावर येईल. माणिकप्पा वाटेत भेटायचा, पागोट्याला हात लावायचा. चरताना दिसणाऱ्या जनावरांकडं बघून मान डोलवायचा आणि निघून जायचा. त्याचं ते मान डोलवणं तिला कळायला हवं होतं.

पाहणी यायला दोन वर्षं लागली. माणिकप्पाला घाई नव्हती.

या वेळचा गिरदावर दुसरा होता, तरणा, पायी आला. नागम्मा दोन दिवस आधीपासून तयारीत होती. तिनं गावातलं एकूणएक जनावर मधल्या तुकड्यात आणून उभं केलं होतं. गिरदावर आला तेव्हा धूळ उडत होती, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. माधवराव मागं होतेच.

"बघा साहेब," नागम्मा म्हणाली. "अख्ख्या गावाचं खिल्लार हाय. रोज येतंय. वापरात न्हाई म्हणू नका."

गिरदावरानं मान हलवली. मग तो जनावरांच्या मधून चालत गेला, एका ठिकाणी थांबला आणि बुटाच्या टाचेनं जमीन उकरली. खाली भुरकी माती आणि दगड. आणखी चार पावलं जाऊन पुन्हा उकरली. एक गाय त्याच्या बुटाशी येऊन मातीच हुंगत होती.

"ये चरते क्या हैं, बाई?" त्यानं विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

नागम्मानंही त्याच्या टाचेखालच्या मातीकडं पाहिलं, आणि मग नजर वर करून सगळीकडं. दोन वर्षं ती या तुकड्यात उभी होती, पण जनावरं मोजत होती, जमिनीकडं तिनं पाहिलंच नव्हतं. तिथं गवत नव्हतं. टाकळा होता, काटेरी कसलंसं तण होतं, शेण होतं, आणि तापलेली माती होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखीचा तुकडा, आणि त्याची ही दशा दुसऱ्या कुणी केली नव्हती. तांबूला घेऊन आलेल्या केवळाबाईनं तिला दंडाला धरून बसवलं.

"घास है क्या यहाँ?" गिरदावरानं पुन्हा विचारलं, कारण कागदावर तो सवाल होता.

माधवरावांनी लेखणी उचलून धरली होती. या वेळी त्यांनी नागम्माकडं पाहिलं, आणि डोळ्यांनी काही सुचवल्यासारखं केलं. ती खोटं बोलली असती तर त्यांनी ते लिहिलं असतं. पण नागम्माला गवताबद्दल खोटं बोलता येत नव्हतं. जन्मात बोलली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

चराईस निरुपयोगी, असा शेरा पडला. वर्षभरात मधल्या तुकड्यात गोदामांची रांग उभी राहिली. पत्र्याची छपरं, लांबच्या लांब, दुपारी त्यांच्याकडं पाहवत नसे. रुळाचा एक फाटा थेट दारापर्यंत आला. उरला माळाचा तुकडा, तो मुरमाचा. त्यात कुसळीशिवाय काही उगवत नसे.

कुरण गेल्यावर राखणदारणीचा वाटा कसला? पहिल्या सुगीला चार-सहा घरांनी जुन्या ओळखीनं सुपात धान्य घातलं. दुसऱ्या सुगीला केवळाबाईनं आणि हणमंतरावांनी. तिसऱ्या साली पाऊस मृगाला थोडा शिंतडला आणि गेला तो गेलाच. ज्वारी हातभर वाढून वाळली. तेव्हा माणिकप्पा स्वतः नागम्माच्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "शरणार्थ, अक्का. गोदामांना राखणदार पाहिजे. तुमच्यासारखी राखण या गावात दुसऱ्या कुणाला येते? धान्य महिन्याच्या महिन्याला घरपोच येईल."

तिनं त्याला हाकलून दिलं. अशा शिव्या दिल्या की गल्ली गोळा झाली. माणिकप्पानं त्या उभ्यानं ऐकून घेतल्या, पागोट्याला हात लावला आणि गेला. आठ दिवसांनी नागम्माच्या घरातली चूल पेटेनाशी झाली. केवळाबाईच्या घरी जाऊन जेवावं, तर केवळाबाई स्वतःच्या ताटातली निम्मी भाकर तांबूला घालत होती. पंधराव्या दिवशी नागम्मा काठी घेऊन गोदामाच्या फाटकाशी जाऊन बसली.

फाटकाच्या आत सरकी होती, पेंड होती, पोत्यांवर पोती छपराला टेकेपर्यंत. रुळावर रेल्वेच्या वाघिणी भरल्या जायच्या आणि बार्शीकडं निघून जायच्या. फाटकाबाहेर गुरं होती. त्यांना कुणी आणत नव्हतं. दाव्याला बांधलेल्या जनावरापुढं टाकायला घरात काही उरलं नव्हतं, म्हणून लोकांनी दावी सोडली होती, आणि सुटलेली जनावरं सवयीनं नाला ओलांडून इथंच यायची. पेंडीचा वास सुटलेला असायचा. ती फाटकाच्या फळ्यांना नाक लावून उभी राहायची, भिंत चाटायची. एक-दोन रोज तिथंच बसायची आणि मग उठत नसत. त्यांना ओढून नेण्याचं कामही माणिकप्पानं कुणाला तरी लावून दिलं होतं.

हमाल फाटक उघडून पोती नेत, तेवढ्यापुरती नागम्मानं मध्ये उभं राहून जनावरं मागं सारायची. पहिले दिवस तिच्या नुसत्या आवाजावर ती सरत होती. मग आवाजाला दाद देईनाशी झाली. मग काठी आपटावी लागली.

चैत्रातली दुपार होती. वाघीण लागली होती, फाटक सताड उघडं होतं, हमाल पाठीवर पोतं घेऊन आतबाहेर करत होते. एका पोत्याच्या शिवणीतून पेंडीचा चुरा सांडत गेला. तांबू त्या चुऱ्यामागं चालत फाटकातून आत शिरली. तिची हाडं कातड्यातून मोजता येत होती. नागम्मा आडवी झाली, दोन्ही हात पसरून. "तांबू, मागं हो. हो मागं, माझी बाय." तांबूनं तिच्या खांद्यावर मान ठेवली आणि तशीच पुढं रेटत राहिली. आतून मुनीम ओरडला. नागम्मानं काठी उचलली.

तेव्हा तिला फाटकाबाहेर केवळाबाई दिसली. गाय शोधत आली होती, अनवाणी, हातात तुटकं दावं. तिनं सगळं पाहिलं होतं. नागम्माची काठी वरच्या वर राहिली.

"केवळे, ने गं हिला," नागम्मा म्हणाली. "पाया पडते, ने."

केवळाबाई जागची हलली नाही. "नेऊन काय घालू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मार तू. पोटासाठी बसलीयास हितं, म्या काय म्हणत न्हाई. मार. पर डोक्यात मार, नागम्मा. लवकर सुटंल ती."

मुनीम पुन्हा ओरडला. हमाल पोतं पाठीवर घेऊन वाट मोकळी व्हायची वाट पाहत उभा होता. तांबूचा श्वास नागम्माच्या मानेवर लागत होता.

नागम्मानं काठी हाणली. डोक्यात नाही, पाठीत हाणली. तांबू गुडघ्यांवर बसली, आणि केवळाबाई दावं तिथंच टाकून घराकडं चालू लागली.